कतरगामचा देव आणि सिंहली बौद्ध समाज

एखाद्या धर्माच्या ग्रंथांतील उपदेशावरून त्या धर्माच्या अनुयायांच्या वर्तनाविषयी अनुमान करण्याची प्रवृत्ती विद्वानांतही आढळते. बौद्ध धर्म अहिंसाप्रधान आहे, म्हणून बौद्ध समाज शांतताप्रिय असावयाचा. तेथे रक्तपात झाला तर तो धर्माच्या बाहेरून आलेल्या कारणांनी झाला असावयाचा, अशी ही विचारसरणी आहे. तिच्या जोडीला आणखी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. ती अशी की, दोन समाज एकाच देवतेची उपासना करीत असतील, एकाच यात्रेत सामील होत असतील, तर त्यांच्यातील वैराला तेवढा तरी पायबंद बसतो. ह्या दोन्ही समजुती श्रीलंकेच्या इतिहासाच्या कसोटीस लावून पाहिल्या असता टिकत नाहीत, आणि त्या का टिकत नाहीत हे पाहणे धर्माच्या मानवशास्त्राच्या दृष्टीने फार उद्बोधक ठरते. त्यासाठी त्या बेटाच्या आग्नेय कोपऱ्यातील कतरगाम ह्या क्षेत्राइतके योग्य उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

मेणिक गंगा नावाच्या एका लहानशा नदीच्या काठी, पूर्वी घनदाट अरण्याने वेढलेल्या प्रदेशात हे क्षेत्र आहे. येथील मुख्य देव म्हणजे स्कंद अथवा मुरुगन. सिंहली लोक त्याला कतरगाम देवियो म्हणतात. मुख्य देवालयाला ‘महा देवाले’ असे नाव असले तरी ती वास्तू अगदी साधी आहे. द्राविड पद्धतीचे गोपुर नाही की शिखर नाही. गाभाऱ्यासमोर चित्रांकित पडदा असतो आणि त्या पडद्याआड मूर्ती नाही, एका पेटीत ठेवलेले यंत्र आहे. पूजा करणारे ‘कपुराळ’ हे सिंहली असून गृहस्थाश्रमी असतात. ते ब्राह्मण नव्हेत, तसेच भिक्षूही नव्हेत. पूजेच्या वेळी ते तोंडावर वस्त्र बांधतात. भक्ताने आणलेले फळांचे तबक आत नेऊन भक्ताच्या वतीने देवाजवळ गाऱ्हाणे मांडणे, हे त्यांचे वंशपरंपरागत काम होय.

आषाढाच्या सुमारास, म्हणजे इंग्रजी जुलै-ऑगस्टमध्ये, येथे एसळ उत्सव भरतो. दररोज रात्री यंत्राची पेटी झाकून हत्तीवर ठेवतात आणि मिरवणूक महा देवालेपासून वल्ली अम्माच्या देवालयापर्यंत जाऊन परत येते. बरोबर आरती घेतलेल्या स्त्रिया असतात. त्यांना सिंहलीत ‘आळत्ती अम्मा’ म्हणतात आणि हा शब्द मराठी वाचकास सहज ओळखू येण्यासारखा आहे. उत्सवाची सांगता नदीच्या पात्रात ‘पाणी कापण्या’च्या विधीने होते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, देवाची विवाहित पत्नी तेवानी (म्हणजे देवसेना) हिचे देऊळ महा देवालेला जवळजवळ लागून असताही मिरवणूक तिकडे जात नाही. देव रोज रात्री जातो तो आपल्या प्रेयसीकडे, अरण्यात वाढलेल्या वल्लीकडे. ही वल्ली वेद्दा ह्या वनवासी लोकांत वाढली, अशी स्थानिक श्रद्धा आहे. घराण्यातून आलेली एक पत्नी आणि रानातून आणलेली दुसरी, ही रचना पाहून जेजुरीच्या खंडोबाची म्हाळसा आणि धनगरांची बाणाई आठवल्याशिवाय राहत नाही. दक्षिणेतील ह्या दोन लोकदेवतांची तुलना स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे इतकेच म्हणता येईल की, अशा दुसऱ्या विवाहाच्या कथेतून देव एकापेक्षा अधिक समाजांचा जावई होतो आणि त्या त्या समाजाला त्याच्यावर हक्क सांगता येतो.

कतरगामवर असे हक्क सांगणारे बरेच आहेत. तमिळ हिंदूंना तो मुरुगन आहे. यापनेच्या म्हणजे जाफन्याच्या बाजूने आणि पूर्व किनाऱ्यावरून पायी चालत, याळच्या अरण्यातून वाट काढीत येणारी त्यांची पदयात्रा प्रसिद्ध आहे. तेवानी अम्मनचे देऊळ उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या दशनामी संन्याशांच्या परंपरेकडे होते. देवळाच्या वाटेवर एक मशीद आहे. ती खिज्र ह्या पुराणपुरुषाशी निगडित असून तेथे फकिरांचा मेळा जमतो. आणि महा देवालेच्या मागे थोड्याच अंतरावर किरिवेहेर हा प्राचीन स्तूप उभा आहे. अनुराधपुरात बोधिवृक्ष लावला गेला त्या प्रसंगी कतरगामचे क्षत्रिय हजर होते आणि त्या वृक्षाचे एक रोप त्यांच्या गावी लावण्यात आले, असे महावंसात सांगितले आहे. म्हणजे बौद्ध परंपरेचा ह्या जागेशी असलेला संबंधही कालचा नव्हे.

बौद्ध मनुष्य स्कंदाची उपासना करतो ती कोणत्या आधारावर, हा प्रश्न बाहेरच्या निरीक्षकाला पडतो. सिंहली गावकऱ्याला तो पडत नाही. त्याच्या मते बुद्ध हा देव नव्हे. तो देवांहून श्रेष्ठ आहे, परंतु परिनिर्वाण पावलेला असल्यामुळे तो नवसाला पावत नाही. पीक, आजार, कोर्टकचेरी, मुलाची नोकरी ही लौकिक कामे देवांची. दुःखातून मुक्ती ही लोकोत्तर गोष्ट धम्माची. देवांना ही कामे करण्याचा अधिकार बुद्धाकडून मिळालेल्या ‘वरना’ने प्राप्त झाला आहे. वरन म्हणजे सनद किंवा परवाना. देवांना स्वतः दानधर्म करून पुण्य जोडता येत नाही, म्हणून माणसे आपल्या पुण्यात त्यांना सहभागी करून घेतात आणि मोबदल्यात देव माणसांचे रक्षण करतात. नाथ, विष्णू, कतरगाम आणि पत्तिनी ह्या चार देवतांची देवालये कँडीच्या राजधानीत आहेत. त्यांच्या खाली प्रादेशिक देव, त्यांच्या खाली भूतपिशाचे, अशी ही उतरंड आहे. रिचर्ड गॉम्ब्रिच, गणनाथ ओबेसेकेरे प्रभृती विद्वानांनी दाखवून दिल्याप्रमाणे ही दोन धर्मांची भेसळ नसून एकाच धर्मव्यवस्थेचे दोन मजले आहेत.

ह्या व्यवस्थेत परक्याला जागा आहे, पण ती खालची जागा आहे. दक्षिण हिंदुस्थानातून आलेला कोणताही देव सिंहली दैवतमंडळात सामावून घेता येतो, त्याने बुद्धाची सनद मात्र स्वीकारली पाहिजे. जुन्या राज्यव्यवस्थेतही तत्त्व हेच होते. कँडीच्या एसळ मिरवणुकीत आज बुद्धाच्या दंतधातूला अग्रस्थान आहे, परंतु अठराव्या शतकापर्यंत ती चार देवालयांची मिरवणूक होती. तीत दंतधातूचा समावेश कीर्ति श्री राजसिंह (१७४७-१७८२) ह्याच्या काळी झाला. ह्याच राजाच्या आश्रयाने १७५३ मध्ये सयामहून उपालि थेर येऊन खंडित झालेली उपसंपदा पुन्हा सुरू झाली. सिंहली बौद्ध धर्माचा हा पुनरुद्धारक स्वतः मदुरेच्या नायक्करांच्या कुळातील होता. बुद्धशासनाचा रक्षक ह्या पदावर तो विराजमान झाला, तेवढे प्रजेस पुरेसे होते. निदान बहुतेकांस पुरेसे होते, कारण त्याच्याविरुद्ध एक कटही झाला होता आणि त्यात भिक्षूंचा हात होता.

स्टॅन्ली जेयराज तंबय्या (१९२९-२०१४) यांनी अशा राज्यांना तारकामंडलाची उपमा दिली. मध्यवर्ती राजधानी, तिच्याभोवती तिचीच लहान प्रतिकृती असलेली मांडलिक ठाणी, सीमा धूसर, सत्ता मध्याकडून परिघाकडे विरळ होत जाणारी. अशा राज्यात निरनिराळ्या भाषांचे आणि आचारांचे गट आपापल्या जागी राहू शकतात, कारण सर्वांना एकसारखे करण्याची गरज त्या राज्याला भासत नाही आणि तेवढे सामर्थ्यही त्याच्यात नसते. तंबय्यांनी ही कल्पना मुख्यतः थायलंडच्या अभ्यासातून मांडली; पण तिचा खरा उपयोग त्यांना आपल्या मायभूमीचे दुर्दैव समजून घेताना झाला असे दिसते.

तरीही पूर्वी सर्व काही सामंजस्याचे होते असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. महावंसातील दुट्ठगामणी आणि एळार यांच्या युद्धाची कथा सर्वपरिचित आहे. भाल्यात बुद्धधातू ठेवून, भिक्षूंना बरोबर घेऊन राजा चोळ देशाच्या एळारावर चालून जातो. विजयानंतर मारल्या गेलेल्या असंख्य मनुष्यांची आठवण होऊन त्याचे मन उदास होते, तेव्हा अर्हत त्याचे सांत्वन करतात की, खऱ्या अर्थाने दीडच मनुष्य मेला आहे; एक त्रिशरण घेतलेला आणि एक पंचशील घेतलेला, बाकीचे पशूंसमान. विसाव्या शतकातील राजकारणाने ही कथा वारंवार पुढे आणली. पण त्याच ग्रंथात असेही आहे की, एळार न्यायी राजा होता आणि दुट्ठगामणीने त्याच्या समाधीस मान देण्याची आज्ञा केली. राजे तिच्या जवळून जाताना वाद्ये थांबवीत असत. कथेचा हा उत्तरार्ध सभांमध्ये क्वचितच सांगितला जातो. शिवाय एळाराच्या सैन्यात सिंहली आणि दुट्ठगामणीच्या बाजूला तमिळ नव्हतेच, असे मानण्यास आधार नाही. सिंहली ही अस्मिता प्रथम राजकुळापुरती होती व ती कालांतराने संपूर्ण जनतेला व्यापणारी झाली, असे प्रा. गुणवर्धन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात साधार प्रतिपादिले. त्यावर बराच वाद झाला. तो अजूनही पूर्णपणे मिटलेला नाही.

ह्या युद्धकथेत लोकपरंपरेने कतरगामच्या देवालाही आणून बसविले आहे. महावंसात नाही, परंतु लोक सांगतात की दुट्ठगामणीने युद्धापूर्वी कतरगामला नवस केला आणि जय मिळाल्यावर देवालय बांधून दिले. म्हणजे तमिळांचा मुरुगन तमिळ राजाविरुद्ध सिंहली राजाच्या मदतीस धावला! ओबेसेकेरे यांनी नोंदविलेली दुसरी एक आख्यायिका ह्याहूनही बोलकी आहे. देव समुद्रापलीकडून लंकेत आला, तेव्हा त्याने प्रथम तमिळांकडे मदत मागितली. ते मिठागरात मीठ गोळा करावयास निघाले होते, त्यांनी नकार दिला. मग सिंहलींनी त्याला पलीकडे नेले. म्हणून देवाची सेवा करण्याचा मान सिंहलींना मिळाला, आणि तमिळांच्या वाट्याला मात्र त्याच्यापुढे निखाऱ्यांवरून चालण्याचे, अंगात गळ टोचून घेण्याचे देहदंड आले. एकाच क्षेत्रात दोन समाज दोन प्रकारे उपासना करतात, ह्या प्रत्यक्ष दिसणाऱ्या भेदाला ह्या कथेने नैतिक आणि जातीय श्रेष्ठत्वाचे स्पष्टीकरण पुरविले. क्षेत्र सामायिक असले तरी त्याचे अर्थ किती विभक्त असू शकतात, हे ह्यावरून ध्यानात येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यात्रेबरोबर पटकी पसरू लागल्याने ब्रिटिश सरकारने कतरगामच्या यात्रेवर निर्बंध घातले होते. पुढे इंग्रजी साहित्यात नाव मिळविलेले लेनर्ड वुल्फ १९०८ ते १९११ ह्या काळात हंबनतोट येथे सरकारी अधिकारी होते आणि यात्रेची व्यवस्था त्यांच्याकडे असे. त्या काळी यात्रेकरू थोडे आणि बहुतांशी तमिळ असत. रानातील बिकट वाट चालून येणे हीच मोठी तपश्चर्या होती. स्वातंत्र्याच्या सुमारास मोटारीचा रस्ता झाला आणि चित्र पालटले. बसगाड्यांतून सिंहली बौद्ध कुटुंबे येऊ लागली. काही दशकांत यात्रेकरूंची संख्या लाखांच्या घरात गेली आणि त्यांत सिंहलींचे प्रमाण अधिक झाले.

पण महत्त्वाचा बदल संख्येपेक्षा उपासनेच्या रीतीत झाला. निखाऱ्यांवरून चालण्याच्या विधीचे पुढारपण १९५० च्या दशकापर्यंत तमिळ हिंदूंकडे होते. त्या दशकात ते सिंहलींकडे आले. ज्या देहदंडाकडे सिंहली मनुष्य एके काळी परक्याची शिक्षा म्हणून पाहत असे, तोच त्याने आता भक्तीचा आविष्कार म्हणून अंगीकारला. कावडीचे नृत्य (हा शब्दही शिखर शिंगणापूरच्या वाचकांना परका नाही), जिभेत व गालांत शलाका टोचणे, अंगात येणे, जटा वाढवून देवाची कायमची सेविका होणे, हे सारे कोलंबो आणि त्याच्या उपनगरांतील बौद्ध स्त्रीपुरुषांत दिसू लागले. वास्तविक थेरवाद परंपरेत अंगात येण्याला प्रतिष्ठा नव्हती. संचार होतो तो पिशाचाचा, देव माणसाच्या अपवित्र देहात उतरत नाही, अशी जुनी धारणा होती. आता देवाचा संचार ‘आरूढ’ ह्या सन्मान्य शब्दाने ओळखला जाऊ लागला. ओबेसेकेरे यांनी १९७८ मधील निबंधात आणि १९८१ मधील जटाधारी भक्तिणींवरील ग्रंथात ह्या परिवर्तनाचे जे वर्णन केले आहे, ते मानवशास्त्रीय वाङ्मयात उत्कृष्ट गणले जाते. त्यातील भक्तिणींची चरित्रे वाचताना त्यांच्या जटांचा त्यांच्या वैवाहिक दुःखाशी असलेला संबंध त्यांनी मनोविश्लेषणाच्या आधारे उलगडला आहे. तो सर्वांना पटेलच असे नाही, पण त्या स्त्रियांची व्यथा खरी आहे याविषयी वाचकाच्या मनात संशय राहत नाही.

हे का घडले? गॉम्ब्रिच आणि ओबेसेकेरे यांनी १९८८ मध्ये संयुक्तपणे लिहिलेल्या ग्रंथात दिलेले उत्तर थोडक्यात असे आहे. लोकसंख्या वाढली, जमीन पुरेना, शिक्षण पसरले पण नोकऱ्या वाढल्या नाहीत. नोकरी मिळते ती राजकीय पुढाऱ्याच्या शिफारशीने. खेड्यातील देव गावाच्या सीमेपुरते होते. शहराच्या कडेला येऊन राहिलेल्या माणसाला असा देव हवा होता की जो कार्यतत्पर आहे, फार सोवळा नाही आणि एकनिष्ठ भक्तासाठी थोडा पक्षपातही करील. नाथ हा भावी बुद्ध, तो ऐहिक भानगडींत पडत नाही. विष्णू वृत्तीने सात्त्विक. कतरगाम देव मात्र योद्धा आहे, प्रेमिक आहे आणि वशिला लावून काम करून देणारा आहे. दैवतमंडळातही बढती मिळते, आणि बढती मिळालेला देव मंत्र्याप्रमाणे सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेर जातो. मग त्याच्या जागी हूनियम, काली असे खालचे, उग्र देव पुढे येतात. ही उपपत्ती कोणास अति नीटस वाटेल. तथापि लोकांचा देवांशी व्यवहार आणि लोकांचा आमदारांशी व्यवहार यांत जे साम्य तिने दाखविले, ते केवळ श्रीलंकेपुरते नाही.

आता ह्याच दशकांचा राजकीय इतिहास शेजारी ठेवून पाहिला पाहिजे. ओबेसेकेरे यांनी १९७० मध्ये ‘प्रॉटेस्टंट बौद्ध धर्म’ अशी संज्ञा सुचविली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती मिशनऱ्यांना विरोध करता करता बौद्ध मध्यमवर्गाने त्यांचीच हत्यारे उचलली: छापखाना, रविवारची धर्मशाळा, प्रश्नोत्तरांची पुस्तिका, संस्था व सभा. अनागारिक धर्मपाल (१८६४-१९३३) हे ह्या चळवळीचे प्रमुख नेते. देवपूजेची गणना ते अंधश्रद्धेत करीत. ह्याच पुनरुज्जीवनाच्या वातावरणात १९०२ साली गोव्याचे धर्मानंद कोसंबी कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल स्थविरांकडे पाली शिकावयास गेले आणि श्रामणेर झाले. महाराष्ट्राला झालेल्या बौद्ध विद्येच्या पुनःपरिचयाची एक वाट ह्या परिवेणातून आलेली आहे.

परंतु ह्या चळवळीतून धर्माचे रूपही बदलले. धर्म हा आचरण्याचा विषय होता, तो बाळगण्याचा, मिरविण्याचा आणि राखण्याचा विषय झाला. १९४६ मध्ये विद्यालंकार परिवेणाच्या भिक्षूंनी राजकारण हे भिक्षूंचे कर्तव्यच होय अशी घोषणा केली आणि त्याच वर्षी वाल्पोल राहुल यांनी सिंहली भाषेत ग्रंथ लिहून त्या भूमिकेस इतिहासाचा आधार दिला. ह्या पहिल्या पिढीचा रोख समाजसेवा आणि डाव्या विचारांकडे होता, हे विसरू नये. पुढे एच. एल. सेनेविरत्न यांनी १९९९ मधील ग्रंथात दाखविले की, समाजसेवेचे ध्येय मागे पडले आणि शिल्लक राहिला तो राजकारणाचा परवाना.

१९५६ हे साल ह्या दृष्टीने निर्णायक ठरले. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षे पूर्ण झाल्याचा उत्सव, बौद्ध चौकशी समितीचा ‘बौद्ध धर्माचा विश्वासघात’ ह्या अर्थाच्या नावाचा अहवाल, भिक्षूंच्या प्रचाराच्या बळावर बंडारनायके यांचा निवडणुकीतील विजय, आणि सिंहली हीच राजभाषा ठरविणारा कायदा, ही सर्व एकाच वर्षातील घटना होत. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी दीक्षा घेतली. डॉ. आंबेडकर १९५० मध्ये बौद्ध परिषदेच्या निमित्ताने सिलोनला जाऊन आले होते आणि तेथील बौद्ध धर्म त्यांनी प्रत्यक्ष पाहिला होता. एकाच उत्सवी वर्षात एका देशात बुद्धाचे नाव बहुसंख्याकांच्या सत्तेचे निशाण झाले व दुसऱ्या देशात ते दलितांच्या मुक्तीचे निशाण झाले. धर्माचा अर्थ त्याच्या सूत्रांत शोधून भागत नाही. तो कोणाच्या हाती, कोणत्या सामाजिक स्थानावरून उच्चारला जातो हे पाहावे लागते, याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण.

राजभाषेच्या कायद्याच्या वेळीच गल ओया खोऱ्यातील नव्या वसाहतींत तमिळांवर हल्ले झाले. तरुण प्राध्यापक तंबय्या त्या वेळी आपल्या विद्यार्थ्यांसह तेथेच क्षेत्राभ्यासासाठी गेले होते. विद्यार्थी बहुतेक सिंहली, प्राध्यापक तमिळ. १९५७ मध्ये बंडारनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम् यांच्याशी करार केला. एप्रिल १९५८ मध्ये भिक्षूंनी त्यांच्या निवासस्थानी ठाण मांडले व करार रद्द झाला. मे महिन्यात मोठा दंगा उसळला. सप्टेंबर १९५९ मध्ये एका भिक्षूनेच बंडारनायके यांना गोळी घातली आणि कटाचा सूत्रधार म्हणून शिक्षा झाली ती कॅलणीच्या विहाराच्या प्रमुखास, जो १९५६ च्या विजयाचा एक मुख्य शिल्पकार होता. १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्मास अग्रस्थान दिले आणि १९७८ च्या घटनेने ते कायम ठेवले.

म्हणजे ज्या दशकांत सिंहली बौद्ध मुरुगनपुढे कावडी घेऊन नाचू लागला, त्याच दशकांत तो तमिळ शेजाऱ्यापासून दूर गेला. उपासना जवळ आली आणि उपासक दुरावले. ह्या विसंगतीचा उलगडा कसा करावयाचा?

एक उत्तर क्षेत्राच्या व्यवस्थेतच आहे. देवाला स्वीकारणे आणि देवाच्या मूळ उपासकाला स्वीकारणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. निखाऱ्यांच्या विधीसाठी जोवर तमिळ गुरूची गरज होती, तोवर सिंहली भक्ताचा त्याच्याशी शिष्य म्हणून संबंध येत असे. विधी शिकून झाल्यावर गुरूची गरज उरली नाही. रस्ता झाला, क्षेत्र ‘पूजाभूमी’ म्हणून आखले गेले, जुन्या वस्त्या हलल्या. तमिळ यात्रेकरूंचा आधार असलेली रामकृष्ण मिशनची धर्मशाळा पुढे शासनाने ताब्यात घेतली. किरिवेहेराकडे जाणारा मार्ग प्रशस्त झाला आणि बुद्ध वर, देव खाली ही मांडणी दगडमातीत उतरली. जुन्या उतरंडीत परका खालच्या पायरीवर का होईना, पण आवश्यक होता. नव्या व्यवस्थेत तो अनावश्यक झाला.

दुसरे उत्तर ब्रूस कॅप्फेरर यांचे आहे. दक्षिण किनाऱ्यावरील पिशाचनिवारणाच्या विधींचा दीर्घ अभ्यास करून १९८८ मध्ये त्यांनी असे प्रतिपादिले की, ह्या विधींचा आणि सिंहली राष्ट्रवादाचा अंतःस्थ तर्क एकच आहे. पिशाच हे विश्वाच्या उतरंडीत तळाशी असते. ते आपली जागा सोडून वर आले म्हणजे रोग्याचे व्यक्तित्व भंगते. विधी त्याला उग्रपणे, प्रसंगी उपहासाने, पुन्हा तळाशी बसवितो आणि माणूस सावरतो. राष्ट्राच्या देहातही असेच घडते, तमिळाने आपली खालची जागा सोडली की सर्व व्यवस्था भंगल्याचा भास होतो आणि हिंसेला विधीचे आवेशपूर्ण रूप येते. ह्या उपपत्तीतील कल्पकता मान्य करूनही तिच्याविषयी शंका घ्यावी लागते. जुलै १९८३ मध्ये जाफन्याजवळ तेरा सैनिक मारले गेल्यावर कोलंबोत तमिळांची जी कत्तल झाली, तीत जमावाच्या हाती मतदारयाद्या होत्या. बळींची संख्या शेकडो, काही अंदाजांनुसार दोन-तीन हजारांपर्यंत गेली. घरे आणि दुकाने नेमकी हेरून जाळली गेली. पोलीस व सैनिक पाहत राहिले. सत्ताधारी पक्षाच्या कामगार संघटनेतील गुंडांचा राजकीय हिंसेशी संबंध ओबेसेकेरे यांनी पुढच्याच वर्षी उघड मांडला. मतदारयादी हा कचेरीतील कागद आहे. तो पिशाचविद्येतून येत नाही. शिवाय देवळातील उग्र विधी हा हिंसेचा उगमच असतो असेही नाही. ओबेसेकेरे यांच्याच १९७५ मधील अभ्यासानुसार, शत्रूचा नाश व्हावा म्हणून शापविधी करविण्यास सीनिगम किंवा मुन्नेश्वरम् येथे जाणारी माणसे आपला सूड देवाच्या हवाली करून घरी परततात, आणि सुरा उचलण्याची वेळ टळते. मुन्नेश्वरम् हे तर शिवाचे तमिळ देवस्थान. तेथील भद्रकालीसमोर गाऱ्हाणी मांडणाऱ्यांत सिंहली बौद्धांचा भरणा मोठा असतो.

जोनाथन स्पेन्सर यांनी १९९० मधील ग्रंथात सबरगमुव प्रांतातील एका खेड्याचे जे चित्र काढले आहे, ते ह्या भव्य उपपत्तींपेक्षा साधे पण अधिक विश्वसनीय वाटते. त्या गावात ठिकठिकाणाहून येऊन वसलेले लोक होते, जुनी नातीगोती तुटलेली होती, पक्षीय राजकारणाने घराघरांत फूट पाडली होती. सर्वांनी मिळून एकत्र यावे असे स्थान एकच उरले होते, ते म्हणजे विहार व त्यातील उत्सव. ‘आपण सारे बौद्ध, आपण सारे सिंहली’ ह्या वाक्याचा गोडवा तेथे तमिळद्वेषातून जन्मलेला नव्हता. गावातील वैरांचा विसर पाडणारे ते एकमेव वाक्य होते. मात्र असे वाक्य एकदा रुजले की त्याला बाहेरचा शत्रू पुरविणे पुढाऱ्यांना फारसे अवघड जात नाही. ह्या गावात तमिळांचा उपद्रव कोणासही झालेला नव्हता, तरी १९८३ च्या अफवांवर विश्वास सर्वांचा बसला, ह्याचे कारण येथे सापडते.

तंबय्यांनी १९८६ व १९९२ मधील दोन ग्रंथांत हा सर्व विषय पुन्हा मांडला. दुसऱ्या ग्रंथाच्या नावात त्यांनी १९५६ च्या अहवालातीलच ‘विश्वासघात’ हा शब्द घेतला आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवले. अहवालाच्या मते विश्वासघात ब्रिटिशांनी केला होता; तंबय्यांचा प्रश्न असा की, धम्माच्या नावाने बहुसंख्याकांचे राज्य उभारणाऱ्यांनीच तो केला नाही काय? त्यांच्या मते जुन्या राज्यातील धूसर सीमांच्या जागी ब्रिटिशांनी केंद्रित शासनयंत्र आणि शिरगणती आणली, आणि स्वातंत्र्यानंतर त्या यंत्रावर पुरातन बौद्ध राज्याचे चित्र चढविण्यात आले. चित्र जुने होते, यंत्र नवे होते. ग्रंथावर श्रीलंकेत संतप्त टीका झाली. लेखक तमिळ असल्यामुळे पक्षपाती आहे, हा तीतील मुख्य मुद्दा होता. प्रत्यक्षात ग्रंथाचा बराच भाग सिंहली विद्वानांच्याच संशोधनावर आधारलेला आहे.

पुढील युद्धात धर्मस्थळे दोन्ही बाजूंनी भरडली गेली. तमिळ वाघांनी १९८५ मध्ये अनुराधपुरात श्रीमहाबोधीजवळ यात्रेकरूंची कत्तल केली, १९८७ मध्ये अरंतलाव येथे श्रामणेरांनी भरलेली बस अडवून त्यांना मारले, १९९० मध्ये कात्तानकुडीच्या मशिदींत नमाज पढणाऱ्यांवर गोळीबार केला आणि १९९८ मध्ये कँडीच्या दंतधातुमंदिरावर बॉम्बहल्ला केला. दुसरीकडे सैनिकांसाठी परित्राणपाठ आणि बोधिपूजा होऊ लागल्या. ही बोधिपूजा आजच्या लोकप्रिय स्वरूपात १९७० च्या दशकात एका तरुण भिक्षूने प्रचलित केली, आणि तिचा हेतू भक्तांना देवांच्या नादातून काढून पुन्हा बुद्धाकडे वळविणे हा होता! २००४ मध्ये नऊ भिक्षू एका नव्या पक्षातर्फे संसदेवर निवडून आले. त्यांचा पक्ष वाटाघाटींचा कट्टर विरोधक होता. मे २००९ मध्ये युद्ध संपले. कतरगामची पदयात्रा युद्धकाळात वारंवार खंडित झाली होती. तिचा ओघ नंतर पुन्हा वाढला.

युद्धोत्तर काळात रोख तमिळांकडून मुसलमानांकडे वळला. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या बोदु बल सेना ह्या संघटनेने कुरगल ह्या स्थळाचा प्रश्न हाती घेतला. बलांगोडजवळच्या ह्या डोंगरकड्यावरील गुहेत अब्दुल कादिर जिलानी यांनी ध्यान केले, अशी सूफी मुसलमानांची श्रद्धा आहे, आणि तेथे त्यांचा उरूस भरत असे. गुहांत प्राचीन ब्राह्मी लेख असल्याने तो मूळचा बौद्ध विहार होय, हा दुसरा दावा, आणि पुरातत्त्वदृष्ट्या तोही निराधार नाही. डेनिस मॅकगिल्व्रे यांनी ह्या उरुसाचा अभ्यास केलेला आहे. कतरगाममध्ये मशिदीवरील निशाण चढविणे हा उत्सवाच्या आरंभाचाच एक भाग मानला जातो. तेथे मुसलमानांना जुन्या उतरंडीत जागा मिळाली होती आणि ती अजूनही टिकून आहे. कुरगल येथे २०१३ मध्ये मुसलमानांची काही बांधकामे हटविण्यात आली आणि पुढे तेथे नवा स्तूप उभा राहिला. दोन्ही स्थळांवर एकाहून अधिक धर्मांच्या कथा एकमेकींवर रचलेल्या आहेत. एका ठिकाणी त्या कथांचा निवाडा कपुराळाच्या परंपरेने होतो, दुसऱ्या ठिकाणी तो उत्खननाच्या अहवालाने झाला.